गावात काहीच झालं नाही

सर,

आज वर्गात मला तुमचा राग आला आणि तो निघाला एका मुलीवर. तुम्ही गेलात त्याला आता वीसेक वर्षं होतील. तुम्ही शिकवायचात त्याच तुमसरच्या कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते. शेवटच्या वर्षाच्या मुलांना तो भागही शिकवते, जो तुम्ही अभ्यासक्रमात नसताना आम्हाला शिकवलात. नरसंहार म्हणजे काय, तो दंगलीहून आणि युद्धाहून वेगळा कुठे पडतो, तो करणारी माणसं कोण असतात, आणि तो होत असताना बाकीचा समाज काय करत बसलेला असतो. फळ्यावर मी तुमचंच वाक्य लिहिलं होतं, 'मारणं सगळ्यात शेवटी येतं.' त्याच्या आधी काय काय येतं तेही लिहिलं. नावं ठेवणं, वेगळं काढणं, व्यवहार तोडणं, हाकलून देणं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, 'मॅडम, हे सगळं झाल्यावरच कसं कळते? होऊन राहिलं तेव्हाच वळखू नाई येत का? अन् वळखलं त कराचं काय?' मी म्हटलं, 'आधी लिहून घे. प्रश्न नंतर.' ती बसली, पण तिनं लिहिलं काहीच नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. तास संपल्यावर मी स्टाफरूममध्ये न जाता इथे घरी आले आणि हे लिहायला बसले. कारण तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही आणि ज्यांच्याकडून मी हा विषय घेतला त्यांनीही मला ते कधी दिलं नाही.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं मला. राइस मिलच्या मागची गल्ली, खिडकीच्या गजांवर कोंड्याची बारीक धूळ, कितीही पुसा, दुपारपर्यंत पुन्हा तेवढीच. काकू शिकवायच्या ती शाळा सकाळची, म्हणून सकाळचा स्वयंपाक तुमच्याकडे होता. आमच्या गावात ही गोष्ट सांगितली तेव्हा आईला ती खरी वाटली नव्हती. मी पहिल्या एस.टी.नं आलेली आहे, हातात निबंध आहे. तुम्ही विळीवर बसून वांगी चिरताय आणि म्हणताय, 'वाच, मी आयकून राहिलो.' मी उभी राहूनच वाचते. युरोपात काय झालं, माणसांना गाड्यांत भरून कसं नेलं, सगळं तुम्ही सांगितलेलंच, माझ्या शब्दांत. शेवटी मी मोठ्या तावातावानं लिहिलेलं असतं की ज्यांनी हे केलं ती माणसं नव्हतीच, ते राक्षस होते. तुमचा हात थांबतो.

'राक्षस म्हटलं का अभ्यास खतम,' तुम्ही म्हणता. 'मंग तू समाजशास्त्र कायले घेतलं? पुराण सांगत बस.'

तुमचा आवाज चढलेला. 'त्या गाड्यांचा टाइम कोण लावत होता? एक बाबू. तो सायंकाळी घरी जाऊन लेकराचा अभ्यास घेत होता. घरं कोणाची आहेत ते कोणी दाखवलं? शेजाऱ्यानं. खाली झालेल्या घरातलं कपाट कोणी नेलं? त्याच शेजाऱ्यानं. याच्यात राक्षस कुठं आहे, दाखव मले. तुले तो हवा आहे, कारण तो असला का तू त्याच्यात नाहीस.' माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही ते पाहिलंत. भाजी फोडणीला टाकलीत, भात वाढलात आणि म्हणालात, 'जेव आता. अन् परत लिही.' मी चार वेळा लिहिला तो निबंध. चौथ्या वेळीही तुम्ही चांगला म्हणाला नाहीत. म्हणालात, 'आता वाचता येते.' त्या एका सकाळीनं माझं आयुष्य या विषयाला बांधलं. कधी कधी वाटतं, तुम्ही मला ग्रामीण विकास दिला असता तर बरं झालं असतं.

एम.ए.ला नागपूरला निघाले तेव्हा तुम्ही मला साडी दिलीत. तुमच्या पवनीच्या घरच्या मागावर तुमच्या वडिलांनी विणलेली, करवती काठाची. काकू म्हणाल्या, 'पोरीले पुस्तक द्याचं सोडून साडी काय देता?' आणि तुम्ही मला त्या साडीवरून व्याख्यानच दिलंत. सूत कोणाकडून येतं, रंग कोण देतं, माग कोण दुरुस्त करतं, बाजारात कोण विकतं, नेसतं कोण. एका साडीला इतक्या जातीधर्मांचे हात लागतात. म्हणालात, लोकांमध्ये रोजचं देणंघेणं चालू आहे तोवर माणूस माणसावर हात टाकत नाही. ज्यांना माणसं मारायची असतात त्यांना आधी हे देणंघेणं तोडावं लागतं, म्हणून तिथे पहारा ठेवायचा. मला ते इतकं पटलं की पुढे पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत, तीच साडी नेसून, मी हे बाहेरून आलेल्या परीक्षकांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे विचारलं की आफ्रिकेतल्या त्या छोट्या देशात, जिथे रेडिओवरून शेजाऱ्यांना झुरळं म्हटलं गेलं, तिथे लोकांचं देणंघेणं तुटलं होतं का? एकाच विहिरीचं पाणी नव्हते पीत? एकमेकांच्या लग्नात नव्हते जेवत? पदवी मिळाली, पण ते उत्तर राहिलं.

तेच विचारायला मी भंडाऱ्याच्या दवाखान्यात आले होते. तुम्ही खूप वाळला होतात. काकू डबा आणायला गेल्या होत्या आणि खिडकीशी कोणाचं तरी धुतलेलं पातळ वाळत होतं. मी पुरावे घेऊनच आले होते, तुमच्याकडूनच शिकले होते तसं. हे गाव, ते गाव, इथे सोयरिकी होत्या, तिथे वाट्यानं शेती होती, तरीही झालं. मला वाटलं तुम्ही भांडाल. तुम्ही म्हणालात, 'मले मालूम आहे.' मी म्हटलं, 'केव्हापासून?' 'पहिलेपासून.' मग दम घेऊन म्हणालात, 'पण वर्गात दुसरं काय सांगू? झाडीपट्टीतल्या खेड्यातली पोरं तुम्ही. काहीच उपयोग नाही असं सांगून पाठवू का?' आणि डोळे मिटून घेतलेत. त्या दिवशी मला तुमची दया आली होती. राग यायला वीस वर्षं लागली. सर, जे खरं नाही हे तुम्हाला ठाऊक होतं ते तुम्ही आम्हाला आधार म्हणून दिलंत. मी ते घेऊन उभी राहिले आणि ते माझ्या पायाखालून सरकलं. कसं ते सांगते.

आमचं गाव तुम्हाला ठाऊक आहे, बपेऱ्याच्या अलीकडचं. थोडं पुढे गेलं की नदी आणि पलीकडे मध्य प्रदेश. हलकं, लवकर पिकणारं धान कापणीला आलं की त्या बाजूनं लोखंडाचं काम करणारी काही कुटुंबं येतात आणि गावाबाहेरच्या तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पालं ठोकतात. माझ्या लहानपणापासून. पूर्वी ती आली नाहीत तर कापणी अडायची, कारण गावातला प्रत्येक इळा धार लावायला त्यांच्या भात्यावरून जायचा. त्यांच्यातली एक म्हातारी आईला 'बहन' म्हणायची आणि आई तिला कोहळं द्यायची. आता धान कापायला हार्वेस्टर येतो. इळा कोणाला लागत नाही. ती माणसं तरी येतात, कारण त्यांची वाट तीच आहे. तवे ठोकून देतात, झारे, उलथनी विकतात. बघा, देणंघेणं कोणी तोडलं नव्हतं, सर. कोणी बंदी घातली नव्हती, कोणी भाषण केलं नव्हतं. एक यंत्र आलं आणि ते आपोआप संपलं. याच्यावर पहारा कसा ठेवायचा होता?

यंदा दिवाळीच्या आधी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई, आणि खाली मजकूर की मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात फिरत आहे. पाठवणारा माझा मोठा भाऊ. मी लगेच फोन लावला.

'दादा, हे कायले टाकलं?'

'मी कुठं टाकलं? मले आलं, मी पुढं सरकवलं. लोकायले सावध केलेलं बरं.'

'कोणापासून सावध?'

'आता तूच सांग, पाळीवरच्या लोकायचा धंदा काय राह्यला? इळे कोनी घेत नाई. मंग हे खातात काय?'

माझा भाऊ वाईट माणूस नाही. आईच्या आजारपणात त्यानं जे केलं ते मी केलेलं नाही. पण त्याचं ते वाक्य मी कितीतरी पुस्तकांत, कितीतरी देशांच्या संदर्भात वाचलेलं आहे. यांचं आपल्यात काही काम उरलं नाही, मग हे जगतात कशावर? मी त्याला ते समजावायला गेले. तो म्हणाला, 'बरं बरं, हटवतो,' आणि हटवलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी वहिनीचा फोन आला. पिठाच्या चक्कीवाल्याची नऊ वर्षांची मुलगी शाळेतून घरी आली नव्हती. 'तुमी येऊन जा, ताई,' वहिनी दबक्या आवाजात म्हणाली, 'ग्रामपंचायतीपाशी लोक जमून राहिले. काठ्या आहेत.' मी स्कूटी काढली. वाटेत सगळीकडे धान कापून झालेलं, ऊन छान, आणि माझ्या डोक्यात मात्र पानंच्या पानं उलटत होती.

पोचले तेव्हा गर्दी होती, पण ती तुम्ही वर्णन करायचात तशीच, शहाणी. कोणी ओरडत नव्हतं. माझ्याबरोबर दहावीपर्यंत शिकलेला आणि आता शाळेत गुरुजी असलेला माझा वर्गमित्र लोकांना बाजूला उभं करत होता, बाया एकीकडे, माणसं एकीकडे. कोणी तरी सगळ्यांना पाणी देत होतं. ठरत होतं एवढंच की पाळीवर जायचं आणि पालं तपासायची. मुलीचा बाप पायरीवर डोकं धरून बसला होता. मी त्याच्याजवळ बसले, मग उठून बोलले. सुरुवात चांगली झाली होती, सर. म्हटलं, पोरगी कोणाच्या तरी घरी गेली असेल, आधी नातेवाइकांकडे विचारा, पोलिसांना कळवा, पालं तपासणं आपलं काम नाही. एक म्हातारे शेतकरी मान हलवून म्हणाले, 'बाई बरोबर म्हनते. पहिले तिच्या मामाकडे फोन लावा.' दोघातिघांनी फोनही काढले. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण इतकी वर्षं जो शब्द मी वर्गात बोलते तो माझ्या तोंडून आला. मी म्हटलं, 'नरसंहाराची सुरुवात अशीच होते.'

माझा वर्गमित्र म्हणाला, 'काय म्हटलं मॅडम? आमी नरसंहार करून राह्यलो?' मागून कोणी म्हणालं, 'पोरगी आमची गेली, अन् खुनी आमीच!' ते म्हातारेही माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करून मागे सरकले. ज्यांनी फोन काढले होते त्यांनी ते खिशात घातले. तोवर दोन मनांचं असलेलं सगळं गाव माझ्या एका शब्दानं एका बाजूला झालं. दादानं मला दंडाला धरून बाजूला नेलं. 'गावाले खुनी म्हनते तू? ज्या गावानं तुले शिकवलं त्याले? कुठं मारलं वं आमी कोनाले?'

त्यानंतर जे झालं ते त्यानंच केलं, हेही सांगायला हवं. त्यानं पोलिस पाटलांना बोलावलं, पोरांच्या हातातल्या काठ्या काढून घेतल्या आणि स्वतःचा ट्रॅक्टर काढला. पाळीवर जाऊन त्या लोकांना सांगितलं की तुमच्याच भल्यासाठी निघा, मी नदीपलीकडे सोडून देतो. ते वाद न घालता उठले. पालं इतक्या लवकर उतरली की मला कळलं, हे त्यांना नवीन नाही. त्यांच्यातली एक तरुण बाई वहिनीजवळ आली. वहिनीनं तवा ठोकायला दिला होता. तो तिनं तसाच परत केला. 'ये हुआ नहीं, बाई. रख लो.' वहिनीनं तो हातात घेतला आणि काय करावं ते न कळून पदराखाली धरून उभी राहिली. पोरं मोबाईलवर व्हिडिओ काढत होती. एकानं त्यांची ऐरण लाथेनं ढकलली, ती उतारावरून घरंगळत तळ्यात गेली, आणि लोक हसले. मोठ्यानं नाही, सुटका झाल्यावर हसतात तसं. त्या कुटुंबातला माणूस पाण्याकडे बघत उभा राहिला. दादा म्हणाला, 'चाल, बस लवकर,' आणि ट्रॅक्टर सुरू केला.

संध्याकाळी चक्कीवाल्याची मुलगी मावशीबरोबर ऑटोतून उतरली, अंगात तुमसरहून घेतलेला नवा फ्रॉक. मावशीनं शाळेतूनच नेलं होतं, तिचा फोन बंद पडला होता. पोरीची आई तिला मारू की कवटाळू अशी धावली आणि सगळे पुन्हा हसले. कोणी तरी पेढे आणले. ज्यांना दुपारी हाकललं त्यांचं नाव एकानंही काढलं नाही. रात्री ग्रुपवर आलं, 'गावकऱ्यांच्या एकजुटीमुळे अनर्थ टळला.' जेवताना दादा माझ्या ताटात भात वाढत म्हणाला, 'पाह्य. काहीच झालं नाई. तू उगाच मोठे मोठे शब्द आनते.'

खरंच काही झालं नाही. कोणी मेलं नाही, कोणाला जखम नाही, तक्रार नाही. आपल्या शास्त्राला इथे अभ्यासायला काही नाही. आपलं शास्त्र लागतं ते प्रेतं पडल्यावर. नरसंहारासाठीचा तो शब्दही ज्या वकिलानं घडवला त्याचे जवळजवळ सगळे आप्त तोवर मारले गेले होते. मेलेल्यांसाठी बनवलेला शब्द आहे तो, सर. जिवंत माणसांमध्ये तो उच्चारला की त्यांना वाटतं तुम्ही त्यांना शिवी दिलीत, आणि ते चुकीचंही नाही. इतका मोठा शब्द इतक्या लहान जागी ठेवायला नको होता. मग कुठला ठेवायचा होता? त्या लहान जागेसाठी तुम्ही मला काहीच दिलं नाही. तुम्ही मला युरोप दिलात, आफ्रिका दिलीत, साडी दिलीत. मी गप्प राहिले असते तर कदाचित त्या म्हाताऱ्यांनी मामाला फोन लावला असता, मामानं मावशीचं नाव सांगितलं असतं आणि पालं तिथेच राहिली असती. हे मी सिद्ध करू शकत नाही. दादानं ट्रॅक्टर काढला नसता तर पाळीवर रक्त सांडलं असतं, हेही सिद्ध करू शकत नाही. तुम्हाला आठवतं, तुम्ही म्हणायचात की समाजशास्त्रात 'कदाचित' लिहायची लाज वाटू देऊ नका? मला लाज नाही वाटत. मला वैताग येतो. आयुष्य कदाचितमध्ये घालवल्याचा.

आमचे विभागप्रमुख चांगले गृहस्थ आहेत. परवा म्हणाले, मॅडम, पुढच्या वर्षी हा भाग वगळला तरी चालेल, मुलांना जड जातो, त्याऐवजी बचतगट घ्या. मी नाही म्हटलं. का म्हटलं ते त्यांनी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी मला तुमच्यासारखं खोटं बोलता आलं नसतं. इतकं लिहून झाल्यावर वाटतंय की कदाचित दवाखान्यात तुम्ही मला खोटं सांगितल्याची कबुली दिली नव्हती, वाट्याला आलेलं काम माझ्याकडे पुढे सरकवलं होतं, आणि मी ते ओळखलं नाही. पण हेही मी तुमच्या बाजूनं बोलतेय. आज मला तुमच्या बाजूनं बोलायचं नाही.

हे पाकिटात घालून टेबलावर ठेवायचंही माझ्या मनात नाही. काकूही गेल्या, पवनीच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. एकच लिहायचं राहिलंय, जे मी दादाला सांगितलं नाही, वर्गात तर नाहीच. गेल्या रविवारी मी तुमसर रोड स्टेशनवर होते, दादाची पाच वर्षांची नात माझ्याबरोबर होती. बाकावर शेजारी एक अनोळखी बाई येऊन बसली, पायाशी गाठोडं, हातात खूप बांगड्या. नात सरकत सरकत तिच्याजवळ गेली आणि बांगड्या मोजायला लागली. बाईनं हसून हात पुढे केला. माझ्या मनात काही यायच्या आधी माझा हात गेला. मी पोरीला दंडाला धरून ओढलं, दुसऱ्या बाजूला बसवलं आणि मध्ये पर्स ठेवली. बाईनं ते पाहिलं. गाठोडं उचललं आणि फलाटाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली.

'आजी, ते बाई काहून गेली?' पोरीनं विचारलं.

'तिची गाडी आली असेल,' मी म्हटलं.

दोन्ही बाजूंचे रूळ रिकामे होते.